स्वतःचं माप

“मॅडम, समजा एखाद्याला मी तोंडावर विचारलं, ‘तुम्हाला मरावंसं वाटतं का?’ तर ज्याच्या डोक्यात ते नव्हतं, त्याच्या डोक्यात मीच भरवलं, असं नाही का होणार?”

हॉलमधल्या सतरंजीवर बसलेल्या नववी-दहावीच्या पोरी एकदम गप्प झाल्या. वरचा पंखा तेवढा कुरकुरत राहिला. दारात उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकेनं डोळे असे वटारले की दुसरी कुणी असती तर मटकन खाली बसली असती. गौहर उभीच.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. मागं बसलेल्या प्रांजल आणि नाझनीननं चिमटा काढून पैज लावली होती. “लई वक्तृत्वाची ढाल मिरवतीस ना? हिंमत असंल तर हे विचार. कुल्फी आमच्याकडून.” मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज बाकाखाली लपायचा, ती गौहर जिल्ह्यात पहिली आल्यापासून अशी काही सुटली होती, की अम्मी म्हणायची, “या पोरीच्या तोंडाला कुणीतरी बटण लावा. दर्ज्याचं घर आहे, बटणांना काय तोटा?”

व्याख्यानाला आलेल्या डॉक्टर गोर्डे मॅडम मनाच्या आजारांच्या डॉक्टर. मूळच्या पैठणच्या, त्यामुळं बोलणं ऐसपैस.

“बसू नकोस, उभी राहा. चांगलं विचारलंस,” त्या म्हणाल्या. “नाय होत तसं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. असलं तर आधीपासूनच असतं, आणि एकट्यानं वागवून माणूस दमलेलं असतं. पण विचारायचं ते सरळ. ‘तुम्ही तसलं काही करणार नाही ना?’ असं विचारायचं नाही. त्या प्रश्नात ‘नाही’ आपणच घालून ठेवलेलं असतं. समोरचं माणूस तेवढंच उचलतं आणि सुटतं.”

मग त्या टेबलाला टेकून सगळ्यांशीच बोलायला लागल्या. “तुम्हाला वाटतं, हे सगळं नापास झालेल्या पोरांचं. बाळंतिणीला होतं, कमावत्या बापाला होतं. म्हाताऱ्या माणसाला होतं तेव्हा तर घरात कुणाला कळतसुद्धा नाही. वय झालं म्हणतात आणि मोकळे होतात. महिनोन्‌महिने झोप नाही, अन्नावर वासना नाही, आणि एके दिवशी ते माणूस अचानक शांत होतं. वस्तू वाटून टाकतं, एकेकाचा निरोप घेतं. घरचे म्हणतात, चला, बरं झालं. तिथं हुश्श करायचं नसतं, पोरींनो. तिथं विचारायचं असतं.”

“आणि ते ‘हो’ म्हणाले तर?” हा प्रश्न मात्र पैजेतला नव्हता. गौहरच्या तोंडून आपसूक सुटला.

“तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, आणि आजचं उद्यावर ढकलायचं नाही. यावर औषध आहे, बोलून उपचार आहेत, माणूस बरं होतं. कुणी शपथ घातली तरी हे एक गुपित पोटात ठेवायचं नाही.” मॅडमनी फळ्यावर मोठ्या आकड्यात १४४१६ लिहिलं. “हा नंबर कधीही लावा. फुकट आहे.”

गौहर खाली बसली. ऐकलं सगळं, पण कानांनी ऐकलं. डोकं कुल्फीत होतं.

शाळा सुटल्यावर शहागंजच्या घड्याळाखाली तिघी कुल्फी खात उभ्या होत्या. प्रांजल गौहरची नक्कल करत होती. “मॅडम, समजा... अगं, बाईंचा चेहरा पाहिलास का? कच्ची कैरी चावल्यासारखा!”

“उद्या मी पैज लावते,” गौहर म्हणाली. “तू मुख्याध्यापकांना विचार, केस काळे कशानं करता.”

तेवढ्यात रस्त्यापलीकडून शौकतभाईंनी हाक मारली. शौकतभाईंचं यात्रेचं ऑफिस आहे. माणसांना उमऱ्याला, म्हणजे मक्का-मदिनेला, नेऊन आणायचं त्यांचं काम. त्यांच्याच जथ्यातून परवा, रविवारी, गौहरचे आजोबा, दादाजान, निघणार होते.

“गौहर बेटा, इधर आ जरा. दादाची तब्येत बरी आहे ना?”

“एकदम फस्क्लास, शौकतभाई. घरी पाहुणे आलेत निरोपाला.”

शौकतभाई गोंधळले. “निरोपाला? अरे, मुख्तारचाचांनी तर नाव काढून घेतलं. सोमवारी स्वतः आले, पासपोर्ट घेऊन गेले. म्हणाले, घरी मी सांगतो. मला वाटलं, गुडघे दुखत असतील... तुम्हाला कुणाला बोलले नाहीत?”

गौहरच्या मनगटावरून कुल्फीचा ओघळ कोपरापर्यंत गेला तरी तिला कळलं नाही.

सोमवार. आणि मंगळवारपासून तर दादाजान घरोघर फिरत होते. यात्रेला निघालेल्या माणसानं आधी सगळ्यांची माफी मागायची, ही रीतच आहे. ‘कहा-सुना माफ करो’, बोललो-चाललो असेन ते पोटात घाला, असं म्हणायचं, दुखावलेल्यांची मनं जुळवायची, मगच उंबरा ओलांडायचा. दादाजान शेजारच्या कडूबा पानवाल्याकडं जाऊन आले, ज्याच्याशी त्यांचं नाल्यावरून सात जन्माचं वैर होतं. कडूबानं गळ्यात पडून रडून घेतलं होतं. गल्लीत जो तो म्हणत होता, चाचा आत्ताच अर्धे हाजी झाले.

जायचंच नव्हतं, तर निरोप कसला घेत होते?

“गौहर, कुठं चाललीस? अगं, दुसरी कुल्फी राहिली!” नाझनीन ओरडली. पण दप्तर पाठीवर आपटत ती पळतच सुटली होती.

घरी लगीनघाई. आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी नेमकं आज आलेलं, आणि खुलताबादहून अब्बांची बहीण जहांआरा फुफीही आलेली. अम्मी, म्हणजे जाहेदा, पिंपाशी उभी, फुफी हंडे सरकवतेय, अब्बा म्हणजे गयास पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून मोटर लावतायत, आणि धाकटी मुन्नी सगळ्यांच्या पायात.

“आल्या बाईसाहेब! दप्तर टाक आणि बादली धर,” अम्मी म्हणाली.

“दादाजान कुठंयत?”

“वर कारखान्यात. आत्ता चहा घेतला, अख्खा कप,” फुफीनं डोळ्याला पदर लावला. “अब्बा का चेहरा देखी? कसं नूर आलंय! सहा महिने भुतासारखे फिरत होते, ना झोप ना जेवण. मक्केचं बोलावणं आलं आणि बघ, माणूस कसं शांत झालं.”

शांत झालं.

“अम्मी, एक मिनिट इकडं ये ना. शौकतभाई म्हणत होते...”

“पाणी जाईल गं! शौकतभाईंचं नंतर.”

“अब्बा...”

“मोटर बघू दे, बेटा. आणि ते काय असंल ते जेवताना भाषण कर. टाळ्या वाजवू.”

ती जिना चढायला लागली. रोज तीन-तीन पायऱ्या गाळणारी पोर आज एकेक पायरी चढत होती.

कारखाना म्हणजे वरची एक खोली. मुख्तार दर्ज्यांची शेरवानी एकेकाळी लग्नात नवरदेवापेक्षा जास्त भाव खायची. आता यंत्रावर चादर घातलेली, कपड्याचे तुकडे घडी करून रचलेले, जमीन झाडून लख्ख. एवढी स्वच्छ खोली गौहरनं जन्मात पाहिली नव्हती. खिडकीशी दादाजान पाटावर बसले होते, मांडीवर मखमलीची गुंडाळी.

“आलीस? तुझीच वाट बघत होतो.” त्यांनी गुंडाळी पुढं केली. “ही तुला.”

आत कैची होती. काळी, जड, त्यांच्या वालिदांच्या, वडलांच्या, हातची. त्या कैचीनं कागद कापला म्हणून एकदा अब्बांनी, पन्नाशीला टेकलेल्या माणसानं, मार खाल्ला होता. दर्जी आपली कैची कुणाला देत नाही. बायकोला नाही, पोराला नाही. दादाजान म्हणायचे, कैची दिली म्हणजे हात तोडून दिला.

“दादाजान, तुम्ही तर पंधरा दिवसांत परत येणार. मग कैची कशाला?”

“आता हात कापतो, बेटा. सुईत दोरा जात नाही.” ते हसले. हसू ओठांपर्यंतच आलं. “आणि तुझं कधी काही ऐकून घेतलं नसेल, तुला कधी रागावलो असेन, तर कहा-सुना माफ कर.”

कोपऱ्यात एहरामची पिशवी तशीच होती, दुकानातून आणल्यासारखी, टाचणीसकट. यात्रेत नेसायच्या त्या दोन बिनशिवणीच्या पांढऱ्या चादरी. आणल्या तेव्हा ते सगळ्यांना सांगत सुटतील असं वाटलं होतं, ‘जनमभर शिवलं आणि अल्लानं बोलावलं ते बिनशिवणीचं घालून.’ पूर्वी असलं काही दिवसातून दहादा बोलायचे. आता किती महिने बोलले नव्हते, हे गौहरला आत्ता उमगलं. आपण आपल्या ढालीत एवढं रमलो होतो?

“दादाजान, तुम्ही... तुम्ही तसलं काही वेडंवाकडं करणार नाही ना?”

“नहीं बेटा,” दादाजान लगेच म्हणाले. “तौबा. असलं कुणी बोलतं का?”

आणि तिच्या मनात हुश्श झालं. अर्धा क्षण. मग डॉक्टर गोर्डे मॅडमचं वाक्य कानाखाली वाजल्यासारखं आठवलं. ‘नाही’ आपणच आत घालून ठेवलं होतं. त्यांनी तेवढंच उचललं.

हॉलमध्ये दोनशे पोरींसमोर जो प्रश्न तिनं कुल्फीसाठी खणखणीत विचारला होता, तो आता एका माणसासमोर जिभेवर येईना. खाली हंडे आदळत होते, फुफी मुन्नीला ओरडत होती. गौहर गुडघे टेकून दादाजानच्या समोर बसली. कैची तिनं स्वतःच्या मागं सरकवली.

“शौकतभाई भेटले होते. तुम्ही नाव काढून घेतलंय.”

दादाजान खिडकीकडं बघायला लागले.

“दादाजान, तुम्हाला मरावंसं वाटतं का? जीव द्यायचं मनात आहे का?”

खालची मोटर बंद झाली. पाणी गेलं असावं. एवढी शांतता झाली की पिंपात ठिबकणारं पाणी वर ऐकू यायला लागलं. दादाजानचा हात मांडीवरच्या रिकाम्या मखमलीची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता.

“हौ,” ते म्हणाले.

एवढंच. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. उलट खांद्यावरचं ताग्यांचं ओझं कुणीतरी धरावं तसे खांदे खाली आले.

“कधीपासून?”

“माहीत नाही. पहाटेच्या अजानच्या कितीतरी आधी डोळे उघडतात, आणि छातीवर दगड. नमाजला उभा राहतो, ओठ हलतात, आत काहीच नाही. कोरं कापड. ज्याचा दिल असा मेला, तो अल्लाच्या घरी कुठलं तोंड घेऊन जाईल? तिथं जाऊन खोटं उभं राहायचं? म्हणून नाव काढलं.” त्यांचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाच्या शेरवानीचं माप सांगावं तसा. “तुम्हा सगळ्यांना मी भार झालो, बेटा. वाटलं, रविवारी सगळे जमतील, त्याच्या आत संपवावं. सगळ्यांची माफी मागून झाली. आता कुणाचं काही राहिलं नाही.”

रविवारच्या आत. आज शुक्रवार कलला होता. गौहरनं कैची आणखी मागं सरकवली. आणि आवाज? आवाज कुठून आला कोण जाणे, आला.

“माझं राहिलंय. मी माफ केलं नाही.”

दादाजाननी चमकून पाहिलं.

“तू लहान आहेस. हे कुणाला बोलू नको. गयासला तर नाहीच. तुला माझी कसम आहे.”

“कसम तुम्ही घातलीत, मी घेतली नाही.”

“गौहर!”

“ओरडा. लई दिवस ओरडला नाहीत तुम्ही.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. “दादाजान, दर ईदला तुमच्या कुडत्याचं माप कोण घेतं?”

“...तू.”

“का? अख्ख्या शहरात तुमच्यासारखा दर्जी नाही, मग स्वतःचं का घेत नाही?”

उत्तर तिला पाठ होतं, टेप धरायला लागली तेव्हापासून ऐकत होती. टेप पायाशी लावायला खाली वाकलं की अंग बदलतं, माप चुकतं. कितीही मोठा कारागीर असो, आपलं माप आपल्याला घेता येत नाही.

“मग हे माप तुम्ही एकट्यानं कसं घेतलं?” गौहर म्हणाली. “वाकलेल्या माणसानं घेतलेलं माप आहे हे. भार झालो म्हणे! हा आजार आहे, दादाजान. आज शाळेत डॉक्टर आल्या होत्या, त्या हेच सांगत होत्या. झोप जाते, जेवण जातं, माणूस एकेकाचा निरोप घेतं. सगळं सगळं तुमचंच सांगत होत्या, आणि मी कुल्फीचा विचार करत होते. एकदा दुसऱ्या कुणाला माप घेऊ द्या. मग बघू.”

दादाजाननी तिच्या कोपरावरचा वाळलेला कुल्फीचा ओघळ बोटानं खरवडला, लहानपणी तिच्या गालावरचा शेवयांचा डाग खरवडायचे तसा.

“गयास समझेगा नहीं,” ते पुटपुटले.

“मी तुम्हाला इथं ठेवून खाली जाणार नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला. तुम्ही सांगता की मी सांगू?”

“तू बोल. तेरी आवाज बडी है.”

ती उठली. कैची दप्तरात टाकली, दप्तर पाठीवर. दादाजानचा हात धरला. तो हात एवढा हलका झाला होता, हेही कुणी पाहिलं नव्हतं.

खाली अब्बा हात पुसत होते. अम्मीनं शेवटचा हंडा झाकला होता. फुफी म्हणाली, “अगं, म्हाताऱ्या माणसाला कशाला ओढतीस जिन्यावरून?”

“अब्बा, अम्मी, फुफी, खाली बसा,” गौहर म्हणाली. “दादाजान उमऱ्याला चालले नाहीत. सोमवारीच नाव काढून घेतलंय. ते निरोप घेत होते, पण यात्रेचा नाही. त्यांना जगावंसं वाटत नाहीये. मी विचारलं, त्यांनी हो म्हटलं.”

फुफीच्या हातातला पेला निसटला आणि फरशीवर गरगरत राहिला.

“काय बोलतीस तू!” अब्बांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. “तौबा तौबा! पाच वक्ताचा नमाजी माणूस. आपल्या खानदानात हे शब्द... तुला शाळेत हेच शिकवतात का? अब्बा, ही काय बकतेय?”

दादाजाननी मान खाली घातली. नाही म्हटलं नाही.

“अब्बा?” गयासचा आवाज एकदम मुन्नीएवढा झाला.

“थकलो रे,” दादाजान म्हणाले.

अब्बा भिंतीला टेकले, मग एकदम सरसावले. “बघा, परवा मोहल्ला जमणार. हार-फुलं सांगितलीत. लोकांना काय सांगायचं, मुख्तार दर्ज्याचं डोकं फिरलं? दोन दिवस जाऊ द्या. रविवार निघू दे. मौलानांकडून दुआ घेऊ, नजर उतरवू. मग बघू डॉक्टर-बिक्टर.”

“नजर माझीही उतरवली होती तुम्ही,” अम्मी म्हणाली.

ती इतकं हळू बोलली की आधी कुणाला कळलंच नाही.

“मुन्नी झाली तेव्हा. मी तिला दूध पाजायला घ्यायची नाही, भिंतीकडं तोंड करून पडायची. तुम्ही म्हणाला, माहेरची आठवण येते, ताईत बांधा. मला रोज वाटायचं की आपण नसावं.” अम्मीनं ओले हात ओढणीला पुसले. “रिक्षात घालून मला डॉक्टरांकडं कुणी नेलं? अब्बाजाननी. तुम्हाला सांगितलं, माहेरी सोडून येतो. वर्षभर गोळ्या आणून दिल्या, कपड्याच्या तुकड्यात गुंडाळून. दुआ पण करायचे आणि गोळीही मोजून द्यायचे. मी बरी झाले. तुम्हाला आजपर्यंत माहीत नाही.”

अब्बा बायकोकडं बघत राहिले, मग बापाकडं.

“तुमचं तुम्हाला कसं उमगलं नाही, अब्बाजान?” अम्मी रडायलाच लागली.

“अपना नाप,” दादाजान म्हणाले आणि गौहरकडं पाहून किंचित, अगदी किंचित, हसले.

फुफी पुढं होऊन त्यांच्या पायाशी बसली. अब्बा मात्र होते तिथंच उभे. बाहेर कडूबानं दुकानातला रेडिओ लावला होता. मगरीबची, दिवस मावळतीची, अजान व्हायला थोडाच वेळ होता.

गौहरनं दप्तराचे पट्टे आवळले. आत कैचीचं वजन पाठीला लागत होतं.

“अब्बा, अम्मी, माझं ऐका. रविवार नाही, उद्यापण नाही. घाटीच्या सरकारी दवाखान्यात इमर्जन्सीला दिवस-रात्र डॉक्टर असतात, मी आत्ता दादाजानला घेऊन तिथं चाललेय. जोवर डॉक्टर म्हणत नाहीत, तोवर मी त्यांना एक मिनिट एकटं सोडणार नाही, शाळा बुडाली तरी चालंल. फुफी घरी राहून शौकतभाईंना आणि मोहल्ल्याला सांगेल की चाचा आजारी आहेत, आणि त्यात लाजायचं काही नाही. कैची माझ्याकडं राहील, बरे झाले की त्यांनी मागून घ्यावी. मी रिक्षाला हात करते. तुम्ही येणार असाल तर चपला घाला, नाहीतर आम्ही दोघं निघालो.”